गल्लीला घातलेला हार

आईचा एकटीचा असा एकही फोटो घरात नाही, हे आम्हाला ती गेल्यावर कळलं. तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो हवा, म्हणून मी लोखंडी ट्रंक उपसली. लग्नांचे, मुंजींचे, वास्तुशांतीचे फोटो निघाले. बहुतेकांत आई होती. म्हणजे तिचा खांदा होता, पदराचा काठ होता, नाहीतर कोणाच्या तरी पाठीमागून आलेला वाढणारा हात होता. कॅमेरा दिसला की तिला स्वयंपाकघरातलं काहीतरी आठवायचं. एका फोटोत ती अगदी समोर आहे, पण चेहऱ्यावर वरणाची वाफ आहे.

शेवटी पाटावर नारळ ठेवला, नारळाला हार घातला आणि आलेल्या लोकांनी नारळाला नमस्कार केला. बाबा रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून निवृत्त झालेले. पत्ता नसलेल्या पार्सलाकडे बघावं तसे ते दिवसभर त्या नारळाकडे बघत होते.

मी तेव्हा मुलींच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. लग्न केलं नव्हतं. महाकालाच्या शहरात, फ्रीगंजमधल्या एका गल्लीत, वरच्या मजल्यावर, आम्ही तिघं राहत होतो, ते आता दोघं राहू लागलो. आईच्या वाटचं बोलणं घरातून गेल्यावर लक्षात आलं की उरलेले दोघेही न बोलणारे आहेत. बाबा पेपर वाचायचे, मी पुस्तक वाचायची, आणि संध्याकाळी खालच्या गराडूच्या, म्हणजे तळलेल्या कंदाच्या, गाडीवर तेल तापलं की दोघांनाही एकदम ठसका लागायचा. तेवढाच आमचा संवाद.

आई मार्गशीर्षात गेली, म्हणून वर्षश्राद्धही थंडीतच येणार होतं. दिवाळी झाली, आम्ही साजरी केली नाही, ती आपली आपण झाली. त्यानंतरच्या एका सकाळी बाबांनी चहाचा कप खाली ठेवला.

"हल्ली उठलो की तिचा चेहरा पटकन येत नाही."

"म्हणजे?"

"आवाज येतो. बांगड्या येतात. चेहऱ्याला वेळ लागतो. काल तर दुपारचं जेवण झालं तरी आला नाही."

 चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता, पण तो मी त्यांना कुठून काढून देणार.

"श्राद्धाच्या आत काहीतरी कर," बाबा म्हणाले. "भिंतीवर ती दिसली पाहिजे. तू शिकलेली आहेस."

या शेवटच्या वाक्यावर विसंबून मी पुढचं सगळं केलं. माणसाला शिकलेलं म्हणू नये.

आधी गेले फोटो स्टुडिओत. शहरात तेव्हा नवंनवं काय काय येत होतं. चौकात पिवळ्या पाटीचे टेलिफोन बूथ उगवले होते, गच्च्यांवर केबलच्या तारा आल्या होत्या, आणि या स्टुडिओत कॉम्प्युटर आला होता. मालकानं त्याला मखमली कापड पांघरलं होतं आणि त्याच्यापुढे उदबत्ती लावली होती. मी त्याला एक ग्रुप फोटो दिला. त्यात आईचा चेहरा मसुरीच्या डाळीएवढा होता, पण निदान चेहरा होता.

"हो जाएगा मॅडम," तो म्हणाला. "बॉडी अपने पास रेडी है. साडी कौन-सी लगा दूँ? बनारसी, कांजीवरम, सब है."

"आई सुतीच नेसायची," मी म्हटलं.

"कॉटन का फोटू में रौब नहीं आता."

चार दिवसांनी फोटो मिळाला. निळा पडदा, कोरीव खुर्ची, बनारसी शालू, मांडीवर ठेवलेले कोणाचे तरी गोरेपान हात, आणि वर मसुरीच्या डाळीचा फुगवून केलेला चेहरा, त्याचे डोळे दोन धुरकट ठिपके. मी तो घरी आणला. बाबांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला.

"साडी चांगली आहे," ते म्हणाले. "बाई कोण आहे?"

फोटो परत पाकिटात गेला. मी कॉलेजात गेले आणि कपाटांच्या ओळींतून हिंडत राहिले. मी काहीही अडलं की हेच करते. पोहायला मी पुस्तकातून शिकले आहे. पाण्यात अजून उतरलेले नाही. कैरीचं लोणचं मी पुस्तकातून शिकले, त्याबद्दल आमच्याकडे कोणी बोलत नाही. त्या दिवशी मला कलेच्या कपाटात, अगदी खालच्या खणात, जलरंगांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. कोणीतरी भेट दिलेलं. ते एकदाही बाहेर गेलं नव्हतं, हे बघून मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटली. आत एक अख्खं प्रकरण शहरातल्या हिवाळ्याच्या रस्त्यावर होतं. नुसता चेहरा काढणं नवशिक्यानं टाळावं, असं लेखक म्हणत होता. माणूस त्याच्या रस्त्यात ठेवा, उजेडात ठेवा, तो आपोआप ओळखू येतो.

मला हे फारच पटलं. आईला आपल्या गल्लीत, थंडीच्या उन्हात बसवायचं. नारळापेक्षा हे बरं.

फ्रीगंजच्या स्टेशनरीवाल्यानं रंगांची पेटी काढून दिली आणि विचारलं, "बच्चा कौन-सी क्लास में है?"

"पाचवी में," मी म्हटलं. आमच्या घरात पाचवीतलं कोणीच नव्हतं. पण चाळिशीच्या बाईनं स्वतःसाठी रंगपेटी घेणं हे मला तेव्हा सांगण्यासारखं वाटलं नाही.

पहिलं चित्र मी पुस्तकात सांगितलं होतं तसंच काढलं. हिवाळ्यातला रस्ता रंगवायचा नसतो, कागद कोरा ठेवायचा, कारण तिथे बर्फ असतो. सावल्या निळ्या. झाडं निष्पर्ण. माणसं काळी आणि वाकलेली. मी रस्ता कोरा ठेवला, सावल्या निळ्या केल्या, आणि समोरच्या सदाबहार कडुलिंबाची सगळी पानं मन घट्ट करून काढून टाकली.

बाबा मागे येऊन उभे राहिले.

"चुना टाकलाय का रस्त्यावर?"

"बर्फाची पद्धत आहे ती. बर्फ नसला तरी उजेडासाठी..."

"आपल्या गल्लीत नगरपालिकेनं एवढा चुना कधीच टाकला नाही," बाबा म्हणाले, आणि पुन्हा एकदा नीट पाहून त्यांनी विचारलं, "ह्या माणसांना काय झालंय? पटकी?"

मग मी पुस्तक मिटलं आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. इतकी वर्षं त्या खिडकीत बसून मी वाचत आले होते. उजेड पानावर चांगला यायचा.

आमच्याकडची थंडी निळी नव्हतीच. ती पिवळी होती. ऊन गल्लीत उशिरा उतरायचं, आणि जिथे उतरेल तिथे माणसं सरकायची. सकाळी पोह्यांच्या दुकानापुढे वाफेचा ढग असायचा आणि त्या ढगातून मफलर गुंडाळलेली डोकी पोहे-जलेबीचे द्रोण घेऊन बाहेर यायची. महाकालाला निघालेल्या यात्रेकरूंनी भरलेल्या ऑटो गल्लीतून वाट काढायच्या, आतल्या बायका शालींची गाठोडी झालेल्या. पिंजारी रजईचा कापूस पिंजायला बसला की त्याच्या धनुकलीचा टणत्कार ऐकू यायचा आणि कापसाचे तंतू उन्हात तरंगायचे. आमच्या गल्लीत पडणारा बर्फ तेवढाच. जामवाला जामांवर मीठमसाला भुरभुरायचा. आमच्याकडे पेरूला जाम म्हणतात. आणि कोपऱ्यावर हिरव्या मटारची गाडी. या सगळ्याच्या डोक्यावर थंड पेयाची नवी कोरी पाटी लावलेली होती, आणि तिच्याखाली उभं राहून लोक चहा प्यायचे.

समोर काकूंचं घर होतं, आणि घराला ओटा. गल्लीतलं सगळ्यात पहिलं ऊन त्या ओट्यावर यायचं. काकू आमच्या नात्यातल्या नव्हत्या, पण त्यांच्या माहेरचे लोक आमच्यासारखेच केव्हातरी महाराष्ट्रातून इकडे नोकरीला आलेले, म्हणून काकू. आई रोज सकाळची कामं उरकून त्यांच्या ओट्यावर जायची. दोघी उन्हाकडे पाठ करून मटार सोलायच्या. काकू बोलायच्या आणि आई सोलायची. म्हणून काकूंकडचे मटारसुद्धा बरेचसे आईनंच सोललेले असायचे.

माझ्या डोक्यात चित्र पक्कं झालं. मधोमध ओटा, ओट्यावर ऊन, उन्हात आई. तिचा चेहरा आपल्याकडे. काकूंना मात्र मी वगळायचं ठरवलं. दोघींना बसवलं तर लक्ष विभागलं जातं, असं पुस्तकात होतं. शिवाय काकू जिवंत होत्या. त्यांना चित्राची गरज काय.

पुढचा महिनाभर मी तो चेहरा काढत होते. बाकीची गल्ली भराभर होत गेली. जलरंगांत पाण्याचीच मर्जी चालते, आणि माझ्या पाण्याला गल्ली ठाऊक होती असं वाटायचं. पिंजारी एका फटक्यात आला. पोह्यांची वाफ तर मी काढलीच नाही, चुकून सांडलेल्या पाण्यानं ती झाली. पण चेहऱ्यावर आले की ब्रश जड व्हायचा. गाल एकदा काढला, पुसला, पुन्हा काढला. कागदाला लव फुटली. नाक दोनदा वाहून हनुवटीपर्यंत गेलं. डोळ्यांसमोर आई स्वच्छ दिसायची, पण कागदाकडे वळलं की ती नेहमीसारखी स्वयंपाकघरात निघून जायची.

मग मी एक युक्ती केली. आई ओट्यावर नव्हती, पण काकू होत्या. मी खिडकीतून बघायची, काकूंच्या गालावर ऊन कसं पडतं, सोलताना मान किती कलते, पदर कानांवरून कसा येतो, आणि ते तसंच उतरवून घ्यायची. चेहरा आईचा, ऊन फक्त काकूंचं, अशी माझी समजूत होती.

बाबांना मी चित्र दाखवत नव्हते. ते मधूनच विचारायचे, "झाली का?"

"होतेय."

"चेहरा आला?"

"येतोय."

त्यांच्याकडेही तो येत-जात होता. ज्या दिवशी आलेला नसेल त्या दिवशी ते पेपरचं पान उलटायचे नाहीत.

श्राद्धाच्या आदल्या दुपारी माझ्या लक्षात आलं की डावीकडचा खालचा कोपरा कोराच राहिलाय. कोपरा रिकामा सोडू नये, असं पुस्तकात होतं. मी उरलेल्या हिरव्यात मटारची गाडी फासली, ब्रश न धुताच तपकिरीत बुडवला आणि गाडीपुढे एक वाकलेली बाई टेकवली. पाठमोरीच, कारण चेहरा काढायची मला धास्ती बसली होती. ब्रश झटकला तेव्हा एक शिंतोडा तिच्या पुढ्यात पडला. तो पुसायला लागले असते तर गाडी गेली असती, म्हणून राहू दिला.

चौकट करून घेतली, पण काच बसवू दिली नाही. काचेवर उजेड चमकतो आणि रंगांतली नजाकत मरते, असं मी चौकटवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, "जैसी आपकी मर्जी. धूल बैठेगी." कोणत्या नजाकतीबद्दल मी बोलत होते, ते आज मला सांगता येणार नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा आणि गुरुजी राम घाटावर जाऊन पिंडदान करून आले. शिप्रेच्या पाण्यात उतरल्यामुळे बाबांचे ओठ निळे पडले होते. (पुस्तकातला तो निळा एवढाच माझ्या नजरेला पडला.) घरी मी स्वयंपाक करून ठेवला होता. आई सवाष्ण गेली, म्हणून जेवायला एक सवाष्ण बोलवायची होती, आणि ती काकूंशिवाय दुसरी कोण असणार. बाहेरच्या खोलीत चौरंग मांडला, त्यावर चित्र उभं केलं, झेंडूचा भरगच्च हार घातला, समई लावली आणि बाजूला झाले.

गुरुजी आमच्यापेक्षाही जुन्या घराण्यातले, इथेच जन्मलेले, अर्धं मराठीत आणि अर्धं हिंदीत बोलणारे. त्यांनी मोपेडवरच्या गारठ्यासाठी घातलेली कानटोपी काढली आणि चौरंगापुढे बसता बसता थांबले.

"ताई, हे काय आहे?"

"आईचं चित्र आहे."

"आई मला माहीत आहे. मी तर पूरी गली बघून राहिलोय." ते पुढे वाकले. "हा ऑटोवाला कोण? हा गराडूवाला तर कालच मला भेटला, अच्छा-भला होता. हार कोणाकोणाला आहे?"

"फक्त आईला, गुरुजी."

"हाराला काय कळतं? तो तर सगळ्यांच्या गळ्यात पडलाय." ते बाबांकडे वळले. "साहेब, संकल्पात मी एकीचं नाव घेतलंय. इथे मोहल्ला निघाला."

 बाबा आतल्या दारात घाटावरचं ओलं धोतर पिळत उभे होते. तेवढ्यात जिन्यात काकूंचा आवाज आला. काकू आधी आवाजानं यायच्या आणि मग पायांनी.

"किती गं गारठा, बोटं तर बर्फ होऊन राहिलीयत." त्या आत आल्या, चपला काढल्या, चित्राला हात जोडले, डोळे मिटले. उघडले. पुन्हा पाहिलं.

"अगं बाई. ही तर मी."

 समईची वात तडतडली.

"मीच आहे. माझा ओटा आहे. माझा पदर आहे. नाक पण माझंच काढलंय मेलीनं, जसंच्या तसं." काकूंनी हाराकडे बोट केलं. "आणि हे काय?"

"काकू, ती आई आहे."

"आई? माझ्या ओट्यावर?"

"ती बसायची ना तिथे रोज."

"बसायची. मी पण बसायची. मी कुठाय मग?"

मी म्हटलं, "तुम्ही... आत गेला असाल."

"वा. ओटा माझा, मटार माझे, आणि मीच आत." त्या खुर्चीवर बसल्या. "बेटा, एक गोष्ट सांग. आज तू मला जेवायला बोलावलंस ना? मग मी कोण? जेवणारी, की जिच्या नावानं जेवण घालतात ती?"

गुरुजींनी कानटोपी पुन्हा घातली आणि तोंडाजवळ धरलेल्या उपरण्यात ते खोकले. ते हसत होते, हे त्यांच्या खांद्यांवरून दिसत होतं.

मी चित्राकडे पाहिलं, आणि काकूंनी सांगितल्यावर मला ते दिसलं. महिनाभर मी ज्या चेहऱ्यावर जीव टाकला होता तो काकूंचा होता. साधर्म्य वगैरे नव्हे, काकूच. नवशिकीनं पहिल्याच प्रयत्नात इतकं हुबेहूब व्यक्तिचित्र काढावं, हे खरं तर कौतुकाचं होतं. फक्त बाई चुकली होती. आणि आता त्या बाईंना मी हार घालून, समोर समई लावून, वर जेवायला बसवणार होते. बाबांनी माझ्याकडे एवढी एकच गोष्ट मागितली होती.

"हार काढते," मी म्हटलं. "नारळ आणते."

"थांब," बाबा म्हणाले.

ते चौरंगाजवळ आले. खाली बसायला त्यांना वेळ लागला. चष्मा त्यांनी कपाळावर चढवला, कारण अगदी जवळचं ते बिनचष्म्याचं बघायचे, आणि नाक जवळजवळ कागदाला टेकवून उजव्या टोकापासून चित्र बघायला लागले. ऑटो झाली, जामवाला झाला. पिंजाऱ्यापाशी ते जरा थांबले. ओट्यावरच्या बाईंवरून ते सरळ पुढे गेले, काकूंकडे वर पाहून त्यांनी मान डोलवली, म्हणजे तुमचं म्हणणं बरोबर आहे. मग डावीकडे, खाली. हार मध्ये येत होता, तो त्यांनी बाजूला सारला.

"ही काय इथे आहे," ते म्हणाले.

त्यांनी पंचपाळ्यातल्या हळदीत बोट बुडवलं, मग कुंकवात. धोतर पिळून हात ओलाच होता.

"बाबा, काच नाहीये, बोट ओलं..."

त्यांनी त्या तपकिरी बाईला कुंकू लावलं. बाई बोटाच्या पेराएवढी, त्यामुळे कुंकू तिच्या कपाळाला लागलं असं म्हणता येत नाही. ते तिच्या सगळ्या डोक्याला, मानेला आणि थोडं मटारच्या गाडीला लागलं. ओल्या बोटाखाली तपकिरी सुटलं, त्यात लाल उतरलं आणि दोन्ही मिळून रस्त्यावर ओघळलं. बाबांनी हात मागे घेतला आणि शांतपणे बोट धोतराला पुसलं.

"कशावरून?" मी विचारलं. माझा आवाज भांडल्यासारखा निघाला. महिनाभर राबलेल्या माणसाचा निघतो तसा.

"कशावरून काय? तराजूकडे बघतेय." बाबांनी त्या शिंतोड्याकडे बोट केलं. "मटारवाल्यावर तिचा विश्वास नव्हता. तो वजन करी तोवर ही अशीच वाकून काट्यावर नजर ठेवायची."

काकू उठून आल्या. गुरुजीही आले. आम्ही तिघांनी त्या कोपऱ्यात डोकी घातली.

"मला तर डागच दिसून राहिला, भाऊजी," काकू म्हणाल्या. मग त्यांनी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. "असेल. तुम्ही म्हणता म्हणजे असेल. मी नाही ना, मग झालं."

"हार तिकडे घ्या," गुरुजींनी निकाल दिला. "एकाच कोपऱ्यात. सगळ्यांना उगाच गुंतवू नका."

मी हार दुमडून लहान केला आणि चौकटीच्या डाव्या खालच्या कोपऱ्याला बांधला. चित्र एका बाजूला कललं. गुरुजींनी दर्भानं पाणी शिंपडताना माझ्या विनंतीवरून भिंतीकडे तोंड केलं. काकू पोटभर जेवल्या, खिरीची वाटी दोनदा पुढे केली, आणि निघताना ओटी घेऊन जिन्यावरून म्हणाल्या, "मला पुसू नकोस हं त्यातनं. चांगली आलीय मी. आमच्या घरी असा एक पण फोटो नाही माझा."

संध्याकाळपर्यंत बातमी गल्लीभर झाली होती. दुसऱ्या दिवशी मी कॉलेजातून येताना गराडूवाल्यानं झारा कढईत ठेवला आणि विचारलं, "दीदी, सुना है मेरे फोटू पे माला चढ़ाई आपने?"

"उतार दी भैया."

"अच्छा किया. अभी सीजन है."

पुढे काच बसवून घेतली. चित्र बाहेरच्या खोलीत भिंतीवर लागलं, हार कोपऱ्यात. नवा माणूस आला की आधी हाराकडे बघायचा, मग चित्राकडे, मग हार घसरलाय असं समजून नीट करायला उठायचा. बाबा म्हणायचे, "राहू द्या, बरोबर आहे." आता बाबांचाही फोटो त्या भिंतीवर आहे. पेन्शनच्या कामासाठी त्यांनी तो वेळेवर काढून ठेवला होता, दोन्ही कान दिसतील असा, त्यामुळे त्यांच्या वेळी मला काहीच करावं लागलं नाही. कधीकधी वाटतं, काहीतरी करावं लागायला हवं होतं.

श्राद्धानंतरच्या आठवड्यातली एक सकाळ मात्र मला लिहून ठेवायची होती, आणि ती लिहायला मी इतकी वर्षं लावली. बाबा खुर्ची भिंतीजवळ ओढून चित्रासमोर बसले होते. पेपर मांडीवर होता, पान उलटलेलं होतं. मी चहा घेऊन गेले. मला स्वस्थता नव्हती. मला त्यांना आईचा चेहरा द्यायचा होता आणि दिला होता एक डाग, तोही चुकून, आणि त्यावर ते कुंकू. त्यांनी माझी समजूत काढण्यासाठी ते सगळं केलं असेल, असं मला रोज वाटत होतं. बाबा असं करणाऱ्यांतले नव्हते, पण आईशिवायचे बाबा मला कुठे पुरते माहीत होते.

"आज आला चेहरा?" मी विचारलं.

"उठल्या उठल्या."

"बाबा, त्या बाईला चेहरा नाहीये. मी काढलाच नाही. ती पाठमोरी आहे."

"दिसतंय मला."

"मग?"

बाबांनी चहा बशीत ओतला आणि एक घोट घेतला. खाली पिंजाऱ्यानं धनुकली लावली होती.

"वजन होऊ दे," ते म्हणाले. "पिशवीत घेतलं की वळेल."

मी माझा कप घेऊन आले आणि दुसरी खुर्ची ओढली.